अर्धा कप चहा

पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती गटाच्या बैठकीला पहिल्यांदा गेलो तेव्हा एक गोष्ट खटकली. चहा देणारे काका जुन्यांना कप काठोकाठ भरून देत होते आणि कोपऱ्यात बसलेल्या नव्या माणसाला मात्र अर्धाच. पुणेरी काटकसर, म्हटलं. मग त्या माणसाच्या हातांकडे लक्ष गेलं. ते थरथरत होते. कप भरलेला असता तर चारचौघांत सांडला असता. चौदा वर्षांपूर्वी काकांचा असाच सांडला होता, अंगावरच्या इस्त्रीच्या शर्टावर.

ही थरथर येते कुठून? मेंदूतलं गाबा हे रसायन ब्रेकसारखं काम करतं, ग्लुटामेट ॲक्सिलरेटरसारखं. दारू ब्रेक दाबून धरते. रोजच ब्रेक दाबलेला राहिला की तोल सांभाळायला मेंदू ॲक्सिलरेटर वाढवत नेतो. अशात दारू अचानक बंद झाली की ब्रेक सुटतो आणि गाडी सुसाट निघते. हात कापतात, दरदरून घाम येतो, झोप उडते. काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांनी भासही होऊ लागतात. प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं देवाची शपथ घेऊन घरच्या घरी दारू सोडू नये, डॉक्टर गाठावा. औषधांनी हा टप्पा साधारण आठवड्याभरात आटोक्यात येतो. पिण्यामागचं कारण मात्र तिथंच असतं.

काकांचे वडील पिऊन यायचे आणि ही भावंडं पलंगाखाली जायची. विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये साडेनऊ हजार अमेरिकी प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणीची मारहाण, घरातलं व्यसन, आईला होणारा मार अशा सात प्रकारच्या आघातांपैकी चार किंवा जास्त ज्यांनी सोसले होते, त्यांच्यात दारू, ड्रग्ज, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, यातलं काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळला.

आता कुत्र्याची पिल्लं. आईपासून दूर केली की ती केकाटतात. मेंदूचे अभ्यासक याक पँकसेप यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनची अगदी थोडी मात्रा दिली तरी हे रडं कमी होतं. जवळच्या माणसाच्या सहवासानं मिळणारा दिलासा आणि अफूवर्गीय पदार्थांचा दिलासा मेंदूतल्या एकाच यंत्रणेतून येतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. दारू पोटात गेली की मेंदू स्वतःची तशीच रसायनं, म्हणजे एंडॉर्फिन, सोडतो. त्यांचा परिणाम अडवणारं नाल्ट्रेक्झोन हे औषध दारूच्या ओढीवर चालतं ते यामुळेच. पहिल्या पेगला डोक्यावरून कुणीतरी हात फिरवल्यासारखं वाटलं, असं काका सांगतात. मला ते उगाच काव्यमय वाटलं होतं. पँकसेपची पिल्लं वाचल्यावर तसं वाटेनासं झालं.

दारू सोडली की तो हातही जातो. त्याच्या जागी काय?

मे १९३५. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातलं एक हॉटेल. धंद्यात आपटी खाल्लेला, काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला बिल विल्सन लॉबीत उभा होता. शेजारच्या बारमधून आवाज येत होते. त्यानं बारऐवजी फोन गाठला आणि बोलायला दुसरा दारुडा कुठे मिळेल याची चौकशी सुरू केली. त्यातून भेटले डॉक्टर बॉब स्मिथ, आणि पुढे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, उभी राहिली. विल्सनला त्या दिवशी स्वतःलाच वाचवायचं होतं, हे लक्षात घ्या. मदत करणाऱ्याचंच भलं होण्याच्या या प्रकाराला फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये नाव दिलं: मदतनीस-उपचार तत्त्व. २००४ मधल्या एका विश्लेषणात, इतर व्यसनींना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक उपचारांनंतरचं वर्षभर दारूपासून दूर राहिले. न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. मुळात जे जास्त सावरलेले तेच मदतीला पुढे येत असतील, ही शंका रास्त आहे. तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आपल्याकडे येरवड्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण सुरू केलं. तिथे दाखल झालेल्याला 'रुग्णमित्र' म्हणतात, आणि व्यसनातून बाहेर पडलेले कितीतरी जण तिथेच कामाला लागले आहेत. अशी माणसं किती लागतील? २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात.

पण भोगलंय म्हणून आपोआप सल्लागार होता येत नाही. 'मी असंच सोडलं, तूही तसंच सोड' हा त्यातला मोठा खड्डा. दुसरा खड्डा आतला. दुसऱ्याच्या बापाच्या पट्ट्याची गोष्ट ऐकताना काकांचीही छाती धडधडते, चौदा वर्षांनंतरही. लग्नात सोड्याची बाटली फस्सकन उघडली की तोंडाला पाणी सुटतं. मेंदूतलं ओढ लावणारं रसायन, डोपामाइन, घोटाची वाट पाहत नाही, खुणेलाच उसळतं. अशा दिवशी काका स्वतः एका जुन्या सोबत्याला फोन लावतात. या माणसांना प्रशिक्षण हवं, ज्याच्याशी मन मोकळं करता येईल असा वरिष्ठ हवा आणि पगारही हवा. 'सेवा' म्हणून फुकट राबवून घेण्याची आपली खोड इथं महागात पडते.

पुढच्या आठवड्यात तो नवा माणूस पुन्हा आला. काकांनी त्याच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि पाऊण कप भरला.