एका बोटाएवढं दुखणं

कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली की आमची मोठी माय ओट्यावर सरळ बसत नाही. डावीकडे कलून, उजवा कुल्ला जरा उचलून बसते. कंबर कुठे दुखते असं विचारलं की बहुतेक माणसं अख्खा तळहात पाठीवरून फिरवतात. तिने एकच बोट ठेवलं. "अठीच दुखते बापा, खिया ठोकल्यावानी."

ते बोट होतं कंबरेच्या खाली, पाठीला दोन्ही बाजूंना ज्या खळग्या पडतात त्यातल्या उजव्या खळगीच्या जरा खाली, आतल्या अंगाला. 1990च्या दशकात जोसेफ फॉर्टिन या डॉक्टरांनी धडधाकट स्वयंसेवकांच्या या जागच्या सांध्यात औषध टोचलं आणि दुखणं नेमकं कुठे उमटतं त्याचा नकाशा काढला. तो नकाशा मोठी मायच्या बोटाखाली येतो. पेशंटने एका बोटाने दाखवलेल्या या खुणेला आज 'फॉर्टिन फिंगर टेस्ट' म्हणतात. तपासणी फुकटातली आहे, पण पेशंटला बोट ठेवू द्यायला डॉक्टरकडे वेळ हवा.

हा सांधा म्हणजे सॅक्रोइलिॲक, थोडक्यात एसआय. मणक्यांची माळ खाली एका तिकोनी हाडावर, त्रिकास्थीवर, येऊन थांबते. त्या हाडाच्या दोन्ही बाजूंना ओटीपोटाची पसरट हाडं जोडलेली असतात. धडाचा सगळा भार इथूनच दोन पायांत वाटला जातो. एवढं काम करणारा सांधा हलतो किती? फिरतो दोन-चार अंश, सरकतो एक-दोन मिलिमीटर. अनेक वर्षं डॉक्टरसुद्धा हा सांधा हलतच नाही असं धरून चालत.

तो पक्का राहतो दोन युक्त्यांनी, आणि दोन्ही आपल्या मुलखात बघायला मिळतात. लोणारच्या हेमाडपंती देवळात दगडाच्या खाचेत दगड बसवलेला आहे, मध्ये चुना नाही. एसआय सांध्याचे पृष्ठभागही असेच खडबडीत, उंचसखल, एकमेकांत अडकलेले असतात. दुसरी युक्ती बैलगाडीच्या चाकाची. लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवतात, ती निवताना आवळते आणि सगळं चाक कसून धरते. सांध्याभोवतीचे अस्थिबंध, पुठ्ठ्याचे आणि पोटाचे स्नायू हेच काम करतात. देवळातला दगड सहसा हलत नाही, धाव मात्र सैल होते.

बाळंतपणात ती मुद्दाम सैल होते. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे ओटीपोटाचे बंध ढिले पडतात, बाळाला वाट मिळावी म्हणून. ते पुन्हा आवळायला काही महिने लागतात. आपल्याकडे बाई तेवढे महिने घरी बसते का? निंदण, वेचणी, भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी, सगळं कंबरेतून वाकून. त्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन धुऱ्यावरून उतरताना पाय एकदा चुकीचा पडला की झालं. जुनाट कंबरदुखीच्या साधारण 15 ते 30 टक्के पेशंटमध्ये मूळ या सांध्यात असतं असं मानलं जातं.

तरी त्याचं नाव कुणी घेत नाही, त्याला इतिहास आहे. 1905 साली गोल्डथ्वेट आणि ऑसगुड या अमेरिकन डॉक्टरांनी कंबरदुखीचा आरोपी म्हणून याच सांध्याकडे बोट दाखवलं होतं. 1934 मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या गादीचा, म्हणजे डिस्कचा, शोधनिबंध छापला आणि तेव्हापासून सगळ्यांच्या नजरा गादीवर खिळल्या. मोठी मायच्या एमआरआयवरही 'डिस्क बल्ज', म्हणजे गादी फुगलेली, असं लिहून आलं. काहीच दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन तपासले तर विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांमध्ये असा बल्ज सापडतो. पांढरे केस दिसले म्हणून कुणी डोकेदुखीचं खापर त्यांच्यावर फोडत नाही, पण बल्जच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो.

आता इंजेक्शनांकडे. शहरातल्या पाट्यांवर हल्ली 'ऑपरेशनशिवाय सांधा पुन्हा नवा' असं लिहिलेलं असतं. त्यामागे मुख्यतः दोन उपचार आहेत.

पहिला जुना आहे. जॉर्ज हॅकेट या ओहायोतल्या सर्जनने 1950च्या दशकात प्रोलोथेरपी मांडली. बाजेची दोरी सैल पडली की आपण ती ओढून घट्ट करतो. अस्थिबंध ओढता येत नाही, म्हणून त्याला मुद्दाम थोडं डिवचायचं. तिथे दाह होईल, शरीर डागडुजीला धावेल, नवे तंतू येतील आणि बंध आवळेल, असा हा विचार. डिवचायला हॅकेटनंतर रुळलं ते साखरेचं पाणी, म्हणजे डेक्स्ट्रोज. सलाइनच्या बाटलीतून आपल्याला ओळखीचं असलेलं, फक्त जास्त दाट.

दुसरा उपचार पीआरपी. पेशंटचंच रक्त काढून सेंट्रीफ्यूज यंत्रात गरगर फिरवतात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वरच्या पिवळसर द्रवातला बिंबिकांनी, म्हणजे प्लेटलेट्सनी, दाट झालेला भाग घेतात आणि सांध्यात टोचतात. आपल्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख बिंबिका असतात, पीआरपीमध्ये त्या साधारण तिपटी-चौपटीने किंवा त्याहून जास्त. विळा लागला की जखमेवर पहिल्यांदा त्याच पोचतात. रक्त थांबवतात आणि पोटातल्या कणांतून वाढीचे संदेश देणारी प्रथिनं सोडतात. ती प्रथिनं आजूबाजूच्या पेशींना कामाला बोलावतात. बिंबिका गवंडी नव्हे, हाळी देणारा कोतवाल आहे. हाळी ऐकून एसआय सांध्यात खरोखर नवा बंध विणला जातो, हे माणसांत पक्कं सिद्ध झालेलं नाही. म्हणून 'पुन्हा नवा' हे शब्द मला खटकतात. दुखणं कमी होणं आणि सांधा नवा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुखणं कमी होतं का? 2010 मध्ये कोरियात 48 पेशंटवर तुलना झाली. काहींच्या सांध्यात डेक्स्ट्रोज टोचलं, काहींच्या दाह दाबणारं नेहमीचं स्टेरॉइड. दोन आठवड्यांनी दोघांनाही सारखाच आराम. पण 15 महिन्यांनंतर निम्म्याहून जास्त आराम टिकलेले डेक्स्ट्रोजच्या गटात 58.7 टक्के निघाले, स्टेरॉइडच्या गटात 10.2. पीआरपीची 40 पेशंटवरची चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी पीआरपीच्या गटात 90 टक्के आणि स्टेरॉइडच्या गटात 25 टक्के लोकांना फायदा दिसला. आकडे बघून हुरळायला होतं. पण 2022 मधल्या आणखी एका छोट्या अमेरिकन चाचणीत पारडं स्टेरॉइडकडे झुकलं. 40-50 माणसांच्या चाचण्यांवर पाट्या रंगवाव्यात एवढा हा पुरावा भक्कम नाही, आणि झटकून टाकावा एवढा हलकाही नाही. आपल्या देशात मूळ पेशींची, म्हणजे स्टेम सेलची, गोष्ट वेगळी. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सांधेदुखीसाठी ती मान्यताप्राप्त चाचणीबाहेर पैसे घेऊन देताच येत नाही. कुणी लाखाचं पॅकेज सांगितलं तर उठून यावं.

सुई कुठे जाते याला फार महत्त्व आहे. हा सांधा खोल आणि तिरका. सन 2000 मधल्या एका अभ्यासात हाताच्या अंदाजाने दिलेल्या इंजेक्शनांपैकी जेमतेम 22 टक्के सांध्याच्या आत पोचली होती. म्हणून सी-आर्म, म्हणजे चालत्या एक्स-रेच्या यंत्रावर, किंवा सोनोग्राफीवर बघत सुई घालतात. नागपूर, सेवाग्राम, सावंगी अशा मोठ्या दवाखान्यांपर्यंत जायचं ते यासाठी. पीआरपीनंतर दुखणं काही दिवस उलट वाढतं आणि तेव्हा माणूस सवयीने मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी आणतो. ही गोळी नेमका तोच दाह आणि त्याच बिंबिका दाबते ज्यांच्या भरवशावर उपचार उभा आहे. शिवाय काही आठवडे ओझं बंद. वेचणीच्या ऐन भरात हे जमणार नाही. तूर घरात आल्यावरची तारीख मागून घ्यावी.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, आणि खेड्यात ती सगळ्यात मोठी. सांधा सैल पडल्यानेच दुखतो असं नाही. शेळी गाभडली की वार आणि मेलेलं पिल्लू आपण नुसत्या हाताने उचलतो, दूध कधी कच्चंच पितो. यातून ब्रुसेला नावाचा जंतू माणसात येतो, आणि एसआय ही त्याची आवडती जागा. चढउतार करणारा ताप, घाम, अंग मोडून येणं आणि एका बाजूची कंबर. उपचार दोन प्रतिजैविकं मिळून निदान सहा आठवडे. क्षयही या सांध्यात घर करतो. तिशीच्या आतल्या पोराची कंबर सकाळी अर्धा-पाऊण तास आखडते आणि काम केल्यावर मोकळी होते, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो, त्याची औषधं निराळी. आणि सिकलसेलचा पेशंट कंबर, खुबा दुखतो म्हणून आला तर आधी त्याचा खुबा बघायला हवा, कारण या रक्ताच्या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. जंतू बसलेल्या सांध्यात डेक्स्ट्रोज किंवा पीआरपी टोचणं म्हणजे आगीत तेल. शेळ्या आहेत का, ताप येतो का, हे दोन प्रश्न विचारले गेले नसतील तर पेशंटने आपणच सांगावं.

मोठी मायला ताप नव्हता. रक्ततपासण्या ठीक आल्या. मांडी दाबून, पाय चौकडीत घालून अशा पाच-सहा परीक्षा करतात, त्यांतल्या तीन किंवा जास्त दुखल्या तर संशय पक्का होतो. तिच्या चार दुखल्या. मग सांध्यात भूल टोचून बघितली, तास-दोन तास खिळा गायब.

तिला पीआरपी नाही दिली. आधी व्यायाम. 2004 मध्ये नॉर्वेत बाळंतपणानंतरच्या या दुखण्यावर पोट आणि पुठ्ठ्याचे खास व्यायाम करून घेतले होते, त्यांचा फायदा दोन वर्षांनीही टिकला. ही तीच धाव आवळणं. जोडीला पट्टा, कंबरेवर नाही तर खाली खुब्याच्या हाडांच्या जरा वर. आठ आठवड्यांनी निम्मं दुखणं उरलं, तेव्हा सी-आर्मखाली डेक्स्ट्रोज, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा.

यंदा ती वेचणीला गेली, अर्ध्या दिवसाच्या बोलीवर. ओट्यावर सरळ बसते. श्रेय विचाराल तर ते शेजारच्या पायाळू पोराचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून कंबरेवर तीनदा पाय मारून घेतला होता म्हणे. "सुई तं मंग झाली," ती म्हणते, "उसण त्यानंच उतरवली."