वाळणं वेगळं, पक्कं होणं वेगळं

मार्च लागला की नागपुरात घरोघरचे कूलर स्लॅबवरून खाली येतात. गंज खरवडायचा, वुडवूल बदलायचं आणि पत्र्यावर सिल्व्हर स्प्रेचा एक हात मारायचा. दोन पावलांवर पोर्चमध्ये गाडी उभी आहे, याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. काच खाली राहिली असेल तर रंग बॉनेटवर थांबत नाही, सीटपर्यंत पोचतो. तान्ह्या पोळ्याआधी लाकडी बैल रंगवताना आणि दिवाळीत ग्रिल रंगवतानाही हेच घडतं. मग हात थिनरच्या बाटलीकडे जातो. थिनरने रंग निघतो, यात शंका नाही. कोणता रंग निघतो, एवढाच प्रश्न असतो.

स्प्रेच्या डब्यात बहुधा नायट्रोसेल्युलोज किंवा अ‍ॅक्रिलिक रेझिन (रंगाचा थर बनवणारा चिकट पदार्थ) असतं, विद्रावकात, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवात, विरघळवलेलं. विद्रावक उडून गेला की रेझिनच्या लांब साखळ्या ताटात वाळलेल्या शेवयांसारख्या एकमेकींवर पडून राहतात. त्यांच्यात रासायनिक गाठ बसलेली नसते, म्हणून पुन्हा विद्रावक मिळाला की त्या सुटतात. हा रंग फक्त वाळलेला असतो. गाडीचा कारखान्यातला रंग मात्र सुमारे १४० अंशांवर भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर. त्या क्लिअरच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जाऊन जाळी तयार होते. थिनर या जाळीला फुगवू शकतो, पण सोडवू शकत नाही. वरचा रंग सुटेपर्यंत खालची जाळी फुगू द्यायची नाही, सगळं काम एवढ्या फटीत करायचं असतं.

डब्यात इनॅमल (ऑइल पेंट) असेल तर ही फट रोज अरुंद होते. इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेत आठवडेच्या आठवडे पक्कं होत राहतं. काल उडालेला थेंब टर्पेंटाइनने पुसला जातो, महिन्यापूर्वीचा बधत नाही.

आधी एक चाचणी. ती टाळली तर पुढचं सगळं फुकट जातं. दाराच्या आतल्या कडेला किंवा बंपरखाली पांढऱ्या कापडावर विद्रावक घेऊन दहा सेकंद हलकं पुसा. कापडावर गाडीचा रंग आला तर तिथेच थांबा. एक तर गाडीवर क्लिअर कोट नाही (जुन्या गाड्यांच्या साध्या रंगांवर तो नसे), नाही तर तो भाग कधीतरी रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटने रंगवलेला आहे. एनसी पेंटसुद्धा नुसता वाळलेलाच असतो. थिनरला कूलरचा रंग आणि गाडीचा रंग वेगळा ओळखता येत नाही. अपघातानंतर एकच दार रंगवलेलं असू शकतं, म्हणून चाचणी प्रत्येक भागावर वेगळी करायची.

काम सकाळी, सावलीत. पत्र्यावर तळहात निवांत ठेवता आला पाहिजे. मे महिन्यात तापलेल्या बॉनेटवर थिनर पुसण्याआधीच उडतो आणि सुटलेला रंग पसरून पुन्हा बसतो. आधी गाडी भरपूर पाण्याने आणि कार शाम्पूने धुवा, कारण धूळ तशीच राहिली तर फडकं पॉलिश पेपरसारखं चालतं. बोअरचं पाणी जड असेल तर ते गाडीवर वाळू देऊ नका, क्षारांचे डाग काढणं हे आणखी एक काम होऊन बसतं.

ताज्या डागांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. मायक्रोफायबरवर थोडं घ्या, डागावर पाच-सात सेकंद टेकवून ठेवा आणि एकाच दिशेने उचलून घ्या. प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी. गोल गोल घासलं की सुटलेला रंग शेजारी लिंपला जातो. अल्कोहोलने भागलं नाही तर टर्पेंटाइन. एनसी थिनर अगदी शेवटी, थेंबभर, आणि लगेच ओल्या कापडाने पुसून. हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटला थिनर किंवा अ‍ॅसिटोन कधीच लावू नये. ताणाखाली असलेल्या या प्लास्टिकला त्याने बारीक भेगांचं जाळं पडतं आणि ते परत जात नाही. दाराचं रबरही थिनरने फुगतं. काच त्या मानाने सोपी: बाहेरून साबणपाणी लावून नवं ब्लेड आडवं धरायचं.

दुरून उडालेला रंग डागासारखा दिसतही नाही. कोरड्या हवेत थेंब वाटेतच अर्धे वाळतात आणि पिठीसारखे येऊन चिकटतात. हात फिरवला की पत्रा खरखरीत लागतो. त्याला विद्रावक नको, क्ले बार (मळता येणारी मातीसारखी वडी) हवा. पाण्यात किंचित शाम्पू घालून ते फवारा, दोन फूट बाय दोन फुटांच्या भागावर क्ले सरळ रेषेत, जोर न लावता फिरवा. सुरुवातीला तो अडखळतो, मग गुळगुळीत सरकतो. सरकला की झालं. क्ले मळून नवी बाजू वर आणत राहा. खाली पडला तर फेकून द्या, त्यातला एक खडा सगळ्या बॉनेटवर रेघ ओढतो.

एवढ्यानेही न निघालेल्या ठिकाणी रबिंग कंपाउंड (बारीक घासणारी पेस्ट), हाताने. पेंटर लगेच २०००चा वॉटर पेपर काढतात, तिथे जरा हात आवरावा. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्याच्यातच असतात. आज पेपर मारून पत्रा आरशासारखा दिसेल, पण पातळ पडलेला क्लिअर नागपूरच्या उन्हात काही वर्षांनी पांढरट होऊन पापुद्रे सोडतो. शेवटी वॅक्स लावायचं, कारण विद्रावकाने जुनं वॅक्स गेलेलं असतं.

लेदरवर हीच फट खूपच अरुंद असते.

गाडीचं लेदर म्हणजे कमावलेली कातडी आणि तिच्यावर पॉलियुरेथेनचा काही दशांश मिलिमीटरपेक्षाही पातळ रंगीत थर. आपला हात लागतो तो या थराला, कातडीला नव्हे. शिवाय पुष्कळ गाड्यांत फक्त बसायची बाजू लेदरची असते. कडा आणि पाठ पीव्हीसीची, म्हणजे रेक्झिनची. सीटखालची मोकळी कड उलटून बघा: मागे तंतू दिसले तर लेदर, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. पीव्हीसीतलं मऊ ठेवणारं द्रव्य थिनर ओढून घेतो आणि रेक्झिन कडक होऊन फाटतं. त्यामुळे सीटवर, मग ते लेदर असो की रेक्झिन, थिनर, अ‍ॅसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर तिन्ही बाद.

लेदरवर आधी विद्रावकाशिवाय प्रयत्न करा. वाळलेला स्प्रे ठिसूळ, लेदर लवचिक. डागाच्या जागी सीट मागून किंवा बाजूने अंगठ्याने हलकी वाकवली की रंगाला तडे जातात. मग जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने किंवा लाकडी टूथपिकने ते तुकडे उचलता येतात. चिकटपट्टी लावू नका, रंगाबरोबर वरचा थरही येतो. उरलेल्या ठिपक्यांवर अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, कानकोरणीच्या कापसावर. पाच सेकंद टेकवा, कापूस घासायचा नाही तर लाटायचा, आणि लगेच ओलसर कापडाने पुसा. कापसावर सीटचा रंग दिसू लागला की तिथे थांबायचं; राहिलेला ठिपका नंतर रंगाखाली झाकता येतो. दारं उघडी ठेवा. ही वाफ पेट घेते आणि बंद गाडीत डोकं धरतं.

डाग निघाले, आता सीटच्या मूळ झिजेची आणि भेगांची दुरुस्ती. चालकाच्या बाजूची कड आधी फाटते, कारण उतरताना रोज तिथेच घासणं होतं. मे महिन्यात काचा बंद असलेली गाडी आतून ६० अंशांच्या पुढे जाते. लेदरमधला ओलावा जातो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाकवलं की वरच्या थराला भेग पडते. यावर खोबरेल तेल चोळायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. पॉलियुरेथेनमधून तेल आत जात नाही. वर राहून धूळ धरतं, शिवणीत उतरतं आणि उन्हात खवट होतं.

भेगा भरून सीट पुन्हा रंगवताना सगळ्यात जास्त घात करतं ते वॉशिंग सेंटरवर मारलेलं चकाकी आणणारं सिलिकॉन. त्याच्यावर नवा रंग पसरत नाही, बारीक खड्डे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. म्हणून सौम्य आम्लधर्मी लेदर क्लीनरने दोनदा धुऊन (कपड्याचा साबण नको, तो अल्कधर्मी असतो आणि लेदर मुळात आम्लधर्मी) मग अल्कोहोल-पाण्याने पुसा. ६००च्या पेपरने कडा हलकी घासा, धूळ पुसा. भेगेत लवचिक फिलर प्लास्टिक पातीने अगदी पातळ भरायचा, तीन-चार थर, प्रत्येक थर वाळू देऊन. एकाच थरात भरला तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पहिल्याच बसण्यात खचतो. मग १००० नंबरचा पेपर.

रंग पाण्यातला, लेदरसाठीच बनवलेला. एका पुढच्या सीटला साधारण १०० मिलिलिटर लागतो. स्पंजने टिपत पहिला थर द्या. तो ठिगळासारखा दिसेल, दिसू द्या. तो झाकायला जाड थर दिला की लेदरचे दाणे बुजतात आणि सीट रेक्झिनसारखी दिसते. तीन पातळ थर पुरे. वर मॅट टॉपकोट, त्यात कंपनीने सांगितलेल्या मापाने क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारं द्रव्य). त्याच्यामुळेच थर नुसता वाळत नाही, पक्का होतो. मिसळल्यावर काही तासांतच तो निकामी होतो, म्हणून लागेल तेवढाच कालवा.

तासाभरात हाताला काही लागणार नाही, पण त्यावर जायचं नाही. एक दिवस बसू नका, सात दिवस सीट ओली करू नका आणि नवी गडद जीन्स घालून तर बसूच नका; कच्च्या थरात तिचा निळा रंग उतरतो. हे काम पावसाळ्यात काढलं तर दमट हवेत प्रत्येक थराला दुप्पट वेळ द्या. नागपुरात त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे, आणि तोवर कूलरही स्लॅबवर चढलेला असतो.