अभिप्राय लिहिण्यापूर्वी : जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांविषयी सभासदांसाठी माहितीपत्रक

आमच्या वाचनालयात इंग्रजी कादंबरी परत करताना सभासदांनी लिहून दिलेला अभिप्राय आम्ही त्या पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात ठेवतो, आणि पुढचा वाचक ते पुस्तक घरी न्यावे की कपाटात परत ठेवावे हे पुष्कळदा त्या चिठ्ठीवरूनच ठरवतो. रहस्यकथांवरील अभिप्राय सहसा नेमके असतात. एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांवर मात्र ‘भाषा छान, पण पाल्हाळ फार’ किंवा ‘थोर लेखक, अवश्य वाचा’ यांपैकी एखादा शेरा येतो, आणि पुढच्या वाचकाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. पहिल्या शेऱ्यात पुस्तक त्याच्या काळाबाहेर काढून जोखलेले असते, दुसऱ्यात ते जोखलेलेच नसते. कादंबरीने वाचकाला काय देण्याचे कबूल केले होते आणि तिचा पहिला वाचक ती कोणत्या रूपात वाचत होता, हे आधी पाहावे आणि त्यानंतर कबूल केलेले पदरी पडले की नाही यावर लिहावे, अशी आमची सभासदांना विनंती आहे. ते कसे करता येईल, हे आमच्या कपाटातील काही पुस्तकांच्या आधारे पुढे सांगितले आहे.

लांबी कोठून आली

चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ मध्ये एक शिलिंग किमतीच्या मासिक भागांतून निघाली. वाचक दर महिन्याला चित्रांसह एक पातळ पुस्तिका विकत घेत, ती घरात मोठ्याने वाचली जाई आणि पुढच्या भागाची वाट पाहिली जाई. डिकन्सच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्या याच पद्धतीने, सुमारे दीड वर्षाच्या कालावधीत वाचकांपर्यंत पोहोचल्या. त्याच्या पात्रांना एखादी ठळक लकब, बोलण्याची एखादी ठरावीक तऱ्हा असते, आणि ती पुनःपुन्हा येते म्हणून आजचा वाचक कंटाळतो. पण तीन महिन्यांपूर्वी भेटलेला एखादा कारकून किंवा वकील पुन्हा समोर आला तर तो वाचकाला लगेच ओळखू यावा, यासाठी ती खूण आवश्यक होती. सातशे-आठशे पानांचे पुस्तक आठवड्याभरात संपवायला बसणारा वाचक त्या कादंबरीकडे लेखकाच्या मनातही नसलेल्या चालीने जात असतो. ‘ब्लीक हाऊस’ किंवा ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ नेणाऱ्या सभासदांना आम्ही म्हणूनच मुदत वाढवून देतो आणि रोज तीन-चार प्रकरणांवर थांबण्याचा सल्ला देतो.

याच लेखकाची ‘ग्रेट एक्सपेक्टेशन्स’ वेगळी का वाटते, याचे एक उत्तरही तिच्या प्रकाशनात आहे. ती १८६०-६१ मध्ये डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात ३६ आठवडे चालली. त्या वेळी तेथे चालू असलेल्या दुसऱ्या एका लेखकाच्या कादंबरीमुळे साप्ताहिकाचा खप उतरू लागला होता आणि तो सावरण्यासाठी डिकन्सला स्वतः मैदानात उतरावे लागले. आठवड्याच्या भागाला जागा थोडी मिळते, त्यामुळे फाफटपसारा कमी झाला आणि प्रत्येक भागात काहीतरी घडणे भाग पडले. डिकन्स प्रथमच वाचणाऱ्याने या पुस्तकापासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे. या कादंबरीचा मूळ शेवट डिकन्सने एडवर्ड बुलवर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सांगण्यावरून बदलला. चांगल्या आवृत्त्यांत मूळ शेवट परिशिष्टात दिलेला असतो, आणि कोणता शेवट कथेला अधिक साजतो यावर लिहिलेला अभिप्राय वाचायला आम्हाला विशेष आवडेल. मात्र शेवट उघड न करता लिहिण्याचे कसब त्यासाठी लागेल.

क्रमशः छापल्या जाणाऱ्या कादंबरीची ही तऱ्हा मराठी वाचकाला परकी नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचकांनी प्रथम ‘करमणूक’ या त्यांच्या साप्ताहिकातूनच वाचली होती.

लांबीचे दुसरे कारण आमच्याच व्यवसायातून आलेले आहे. चार्ल्स एडवर्ड म्युडी या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १८४२ मध्ये वर्गणीवर पुस्तके द्यायला सुरुवात केली. एका वेळी एक खंड घरी नेण्याची त्याची वार्षिक वर्गणी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग होती. त्या काळात नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साधारणपणे साडेएकतीस शिलिंग असे. एका कादंबरीच्या किमतीत दीड वर्षाची वर्गणी भागत असल्याने मध्यमवर्गीय कुटुंब पुस्तक विकत घेण्याच्या भानगडीत सहसा पडत नसे. वाचनालयालाही तीन खंड सोयीचेच होते, कारण पहिला खंड एका घरी, दुसरा दुसऱ्या घरी आणि तिसरा तिसऱ्या घरी असे एकच कादंबरी तिघांना एकदम देता येई. प्रकाशकाला ठोक मागणीची खात्री मिळे. या व्यवहारात फक्त लेखकाला तीन खंड भरतील इतके लिहावे लागे, आणि अनेक कादंबऱ्यांच्या मधल्या खंडात कथा का रेंगाळते याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’ १८४७ मध्ये निघाली तेव्हा ती दोनच खंडांची भरली, म्हणून प्रकाशकाने तिच्या बहिणीची, अ‍ॅनची, ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ तिसरा खंड म्हणून तिला जोडली. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’ची अडचण उलटी होती. ती तीन खंडांत मावेना, म्हणून १८७१-७२ मध्ये आठ भागांत काढण्यात आली. १८९४ मध्ये म्युडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन मोठ्या वाचनालयांनी तीन खंडांच्या कादंबऱ्यांना जुना दर देण्याचे नाकारले, आणि पुढच्या काही वर्षांत हा साचा मोडून पडला. १८९५ ची एच. जी. वेल्सची ‘द टाइम मशीन’ इतकी सुटसुटीत आहे, यात या बदलाचाही वाटा आहे.

वाचनालयांची आणि मासिकांची सत्ता लांबीवरच थांबली नाही. घरातील सर्वांसमोर वाचता येणार नाही असे पुस्तक म्युडी ठेवत नसे, आणि जॉर्ज मूर या लेखकाने १८८५ मध्ये एक पत्रक काढून त्यावर उघड टीका केली. टॉमस हार्डीची ‘टेस’ १८९१ मध्ये ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात आली तेव्हा तिच्यातील महत्त्वाचे प्रसंग गाळावे किंवा बदलावे लागले. पावसाने पाणी साचलेल्या रस्त्यावरून नायक गवळणींना एकेक करून उचलून पलीकडे नेतो, असा एक साधा प्रसंग त्या कादंबरीत आहे. साप्ताहिकातील मजकुरात त्यासाठी ढकलगाडी आणावी लागली. पुस्तकरूपात हार्डीने गाळलेला बराचसा मजकूर परत घातला. ‘जुन्या काळातील लेखक किती संकोचाने लिहितात’ असा शेरा हार्डीवर लिहिण्यापूर्वी तो संकोच कोणाचा होता, याचा विचार व्हावा.

प्रकार ओळखून मग निवाडा

जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्या आमच्याकडे प्रेमकथांच्या कपाटात आहेत, कारण सभासद त्या तेथेच शोधतात. त्यामुळे एक गैरसमज मात्र पसरतो. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात प्रेमाइतकाच हिशेब आहे. नायक डार्सीचे वार्षिक उत्पन्न दहा हजार पौंड, त्याचा मित्र बिंगली याचे चार-पाच हजार, आणि नायिकेच्या बेनेट कुटुंबाच्या मिळकतीचे दोन हजार. शिवाय मुलगा नसल्यामुळे ती मिळकत वडिलांमागे दूरच्या नातेवाइकाकडे जाणार, हे वाचकाला सुरुवातीलाच कळते. पाच मुलींच्या आईचा आततायीपणा हसू आणतो, पण तिचे भय खोटे नाही. स्थळे पाहणे, मिळकत विचारणे आणि चार लोकांत शोभा होणे हे ज्या समाजाला आजही ठाऊक आहे, त्या समाजातील वाचकाने या कादंबरीवर ‘गोड प्रेमकथा’ एवढेच लिहावे, याचे आम्हाला नवल वाटते. ऑस्टेनची खरी करामत तिच्या निवेदनात आहे. वाक्य लेखिकेचे वाटते, पण त्यातले मत एखाद्या पात्राचे असते, आणि ते मत चुकीचे होते हे पुढे शंभर पानांनी उमगते. तिच्यावर अभिप्राय लिहिताना असे एक तरी ठिकाण शोधून त्याविषयी लिहावे.

तिच्याच ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ला ‘भयकथा म्हणून फसलेली’ असा शेरा मिळालेला आम्ही पाहिला आहे. ती भयकथा नाही. पडके मठ, बंद खोल्या आणि गूढ पेट्या यांनी भरलेल्या तत्कालीन कादंबऱ्या वाचून डोके भारावलेल्या एका मुलीची ती थट्टा आहे. ऑस्टेनने ती १८०३ मध्ये १० पौंडांना विकली, विकत घेणाऱ्या प्रकाशकाने ती छापलीच नाही, पुढे हस्तलिखित परत विकत घ्यावे लागले, आणि पुस्तक बाहेर आले ते १८१७ च्या अखेरीस, लेखिकेच्या मृत्यूनंतर. ज्या लाटेची थट्टा केली ती तोवर ओसरत आली होती. थट्टेचा विषय माहीत नसेल तर थट्टा कळत नाही, म्हणून ही कादंबरी ऑस्टेनच्या इतर पुस्तकांनंतरच न्यावी.

मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) नेणाऱ्यांना दोन गोष्टी आधी सांगितलेल्या बऱ्या. फ्रँकेन्स्टाइन हे निर्माण करणाऱ्याचे नाव आहे; त्याने घडवलेल्या जिवाला पुस्तकात नावच नाही. दुसरे म्हणजे, चित्रपटांनी रूढ केलेला मुका, अडखळत चालणारा राक्षस येथे भेटणार नाही, कारण मूळ कादंबरीतील तो जीव वाचायला शिकतो आणि आपली बाजू सविस्तर मांडतो. या पुस्तकाची भीती दचकवणारी नाही, ती जबाबदारी टाकून पळणाऱ्या माणसाविषयीची आहे. ‘घाबरलो नाही’ एवढ्यावर तिला नापास करणे योग्य होणार नाही.

‘वुदरिंग हाइट्स’विषयी सर्वाधिक तक्रार ‘एकही पात्र आवडण्यासारखे नाही’ अशी असते. तक्रार खरी आहे, पण तेथे थांबू नये. ही सगळी कथा आपल्याला लॉकवुड हा परका भाडेकरू आणि नेली डीन ही घरातील जुनी कामवाली सांगतात. नेली स्वतः अनेक प्रसंगांत गुंतलेली आहे, काही गोष्टी ती दडवते, काहींची सारवासारव करते. तिच्यावर किती विश्वास ठेवावा, या प्रश्नावर अभिप्रायातील निम्मी जागा खर्च केली तरी हरकत नाही.

रहस्यकादंबरीचा करार सर्वांत स्पष्ट असतो. उलगडा झाल्यावर मागे वळून पाहिले तर सर्व धागे पानांवर होते, असे वाचकाला आढळले पाहिजे. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) या दृष्टीने आजही टवटवीत आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावात लुटलेला एक हिरा, तो इंग्लंडमधील एका घरातून नाहीसा होणे, आणि त्या प्रकरणाशी संबंध आलेल्या निरनिराळ्या व्यक्तींनी आपापल्या परीने लिहिलेली हकिकत, अशी तिची बांधणी आहे. प्रत्येकजण स्वतःला दिसले तेवढेच सांगतो, आणि सांगताना स्वतःचेही बिंग फोडतो. हिरा मुळात लुटीचा आहे हे लेखक विसरत नाही, आणि त्या काळातील इंग्रज कादंबरीकाराच्या दृष्टीने ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ १९२६ मध्ये आली तेव्हा लेखिकेने वाचकाला फसवले की नाही, यावर वाद झाला. त्या वादात आपले मत जरूर द्यावे, पण गुन्हेगार कोण याचा इशाराही चिठ्ठीत नसावा. असा इशारा असलेला अभिप्राय आम्ही खिशात ठेवत नाही, वेगळा जपून ठेवतो.

आवृत्ती आणि अभिप्रायाविषयी

संक्षिप्त आवृत्त्या आम्ही शाळकरी वाचकांसाठी ठेवतो. त्यांत कथानक राहते आणि निवेदनाचा आवाज जातो, म्हणून अशा आवृत्तीवरून मूळ लेखकाविषयी मत देऊ नये. संक्षिप्त आवृत्ती वाचली असल्यास तसे चिठ्ठीच्या वर लिहावे. टीपा असलेली आवृत्ती मिळाल्यास तीच घ्यावी, मात्र विद्वानांच्या प्रस्तावना कथेचा शेवट बेधडक सांगून टाकतात, त्यामुळे प्रस्तावना शेवटी वाचणे शहाणपणाचे ठरते.

अभिप्राय मराठीत किंवा इंग्रजीत, साधारण दोनशे शब्दांत असावा. कथानकासाठी तीन-चार वाक्ये पुरतात. उरलेल्या जागेत पुस्तक कोणत्या प्रकारचे आहे, ते कोठे पकड घेते, कोठे सैल पडते आणि त्याला काही कारण दिसते का, हे लिहावे. पुस्तक अर्धवट सोडले असल्यास कोणत्या प्रकरणापाशी सोडले तेही मोकळेपणाने नोंदवावे, कारण त्याच ठिकाणी अडखळलेल्या दुसऱ्या वाचकाला त्याचा उपयोग होतो. प्रतिकूल मताला आमची ना नाही. डिकन्सच्या गुणी, रडव्या नायिका आमच्यापैकी अनेकांनाही सोसवत नाहीत. चिठ्ठीचे कोरे कागद देवघेवीच्या टेबलावर ठेवलेले आहेत. पुस्तक परत करताना चिठ्ठी सोबत द्यावी, खाली सभासद क्रमांक लिहिला तरी पुरे, नाव लिहिण्याची सक्ती नाही.