जमीन बदलली, तसा डागही बदलला

व्हॅटिकनच्या संग्रहालयात एक जुनी फरशी जपून ठेवली आहे. तिच्यावर माशांचे काटे, शिंपले, कोंबडीचा पाय, फळांचे देठ असं सगळं विखुरलेलं आहे आणि एक उंदीर अक्रोड कुरतडतो आहे. हे खरकटं रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांनी घडवलेलं आहे, प्रत्येक तुकड्याच्या सावलीसकट. १८३३ मध्ये रोममध्ये ती सापडली. तिच्यावर हेराक्लिटोस नावाच्या कारागिराची सही आहे. मूळ कल्पना मात्र त्याच्याही आधीच्या, पेर्गामोन या प्राचीन ग्रीक शहरातल्या सोसोस या कारागिराची. 'न झाडलेली खोली' म्हणून त्याच्या कामाची नोंद रोमन लेखक प्लिनी याने केली आहे.

जेवताना खाली सांडलेलं खरकटं सजावटीचा विषय होऊ शकलं, कारण खरं खरकटं त्या दगडी जमिनीवरून झाडून-पुसून सहज निघत होतं. घट्ट दगड पाणी फारसं शोषत नाही, तेलही चटकन आत घेत नाही. सांडलेलं वरच राहतं आणि वर राहिलेलं उचलता येतं. फरशीवरच्या डागांचा सारा इतिहास मला याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: जमीन किती पिते? पुसायची साधनं, साबण, पावडरी हे सगळं त्यानंतर येतं.

मातीची जमीन सगळ्यात जास्त पिते. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने इंग्लंडमधल्या घरांचं वर्णन एका पत्रात केलं आहे. मातीच्या जमिनीवर लव्हाळ्याचा थर पसरलेला असे. वरचा थर अधूनमधून बदलला जाई, खालचा मात्र कधी कधी वीस वर्षं तसाच राही, आणि त्यात सांडलेली बिअर, माशांचे अवशेष, थुंकी असं सगळं मुरत जाई. इरॅस्मसला त्याची किळस आली, रोगराईचं एक कारणही त्याला त्यातच दिसलं. पण त्या घरातल्या बाईच्या बाजूनेही पाहायला हवं. मातीत मुरलेलं तूप किंवा दूध काढायचं कसं? वरचा थर टाकून देणं हीच तिच्या हातातली सफाई होती.

लाकडी जमीन आली आणि घासण्याचं युग सुरू झालं. बिनपॉलिशच्या फळ्यांवर वाळू आणि पाणी टाकून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने ब्रशने घासायचं. याने डाग विरघळत नव्हता, डाग पडलेला लाकडाचा पातळ पापुद्राच निघून जात होता. तेलकट डागावर राखेचं क्षारयुक्त पाणी वापरत. क्षार आणि चरबी एकत्र आली की साबण तयार होतो, म्हणजे डागाचाच काही भाग जागच्या जागी साबण बनून पाण्याबरोबर निघतो. हे नेमकं काय घडतं, ते मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडून दाखवलं. लोक ते शेकडो वर्षं करत होतेच. स्वीडनमध्ये पाइनच्या फळ्या मऊ साबणाने घासण्याची रीत होती. साबणाचा थोडा अंश लाकडाच्या छिद्रांत बसतो आणि पुढच्या वेळी सांडलेलं जरा वर थांबतं. ओकसारख्या लाकडाला मात्र क्षार मानवत नाहीत. त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते गडद पडतं, आणि लोखंडी भांड्याखाली ओल राहिली तर काळं वर्तुळ उमटतं. तो लाकडाच्या आत तयार झालेला रंग असतो, त्यामुळे कितीही पुसला तरी निघत नाही.

तेलासाठी दुसरा एक उपाय मात्र आजही तितकाच कामाचा आहे, तो म्हणजे मुलतानी माती. लोकर स्वच्छ करणारे कारागीर चरबी शोषून घ्यायला अशी माती वापरत. फरशीवर तिचा ओलसर लेप थापायचा, सुकू द्यायचा आणि अलगद खरवडायचा. वाळताना लेप आतलं तेल वर ओढतो. संगमरवरात मुरलेला तेलाचा डाग काढताना आजचे जाणकारही असाच लेप लावतात. घाई केली तर तो काम करत नाही, लेप पूर्ण वाळेपर्यंत थांबावंच लागतं.

संगमरवराबद्दल एक गैरसमज मला फार खटकतो. लिंबू किंवा व्हिनेगर सांडल्यावर जो निस्तेज, पांढुरका ठसा राहतो, त्याला सगळे डाग म्हणतात आणि घासत बसतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल त्याला खातं. तिथे काही चिकटलेलं नसतं, उलट दगडाचाच वरचा थर गेलेला असतो. त्यावर इलाज पुन्हा पॉलिश करणं एवढाच.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी स्वस्त झाल्या: सोडा, म्हणजे साबणाला लागणारा क्षार, आणि फरशा. निकोला लब्लाँने १७९१ मध्ये मिठापासून सोडा बनवण्याचं पेटंट घेतलं, पुढे १८६० च्या दशकात सॉल्व्हेची पद्धत आली, आणि साबण घरोघरी परवडू लागला. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने कोरडी माती दाबून वस्तू घडवण्याचं पेटंट घेतलं. त्याच पद्धतीने पुढे एकसारख्या, घट्ट फरशा कारखान्यात निघू लागल्या. मग १८६३ मध्ये फ्रेडरिक वॉल्टनने लिनोलियमचं पेटंट घेतलं. जवसाचं तेल हवेत घट्ट करून, त्यात बुचाची पूड मिसळून कापडावर बसवलेलं ते आवरण होतं. सांधे कमी आणि शोषणही कमी, त्यामुळे स्वयंपाकघरात ते चटकन रुळलं.

इथेच जुनी सवय नडली. लाकडाला सोडा आणि कडक साबण चालत होता, म्हणून लिनोलियमलाही तोच लावला गेला. पण लिनोलियमचा जीव तेलात आहे. क्षार त्या तेलावरच हल्ला करतात, आवरण कोरडं पडून तडकतं. जमीन नवी आणि घासायची पद्धत आधीच्या जमिनीची, हा प्रकार पुढेही थांबला नाही. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात व्हिनाइल या प्लास्टिकच्या फरशा मांडल्या गेल्या. व्हिनाइल पाणी पीत नाही, पण वाळूने किंवा तारेच्या घासणीने त्यावर बारीक ओरखडे उठतात आणि पुढचा मळ त्या ओरखड्यांतच बसतो.

साबणाचीही एक अडचण होती. कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून त्याची चिकट साय फरशीवर राहते आणि धूळ धरते. दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांत पोहोचलेल्या कृत्रिम डिटर्जंटने ती कटकट संपवली. १९५९ मध्ये जर्मनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी स्वच्छतेचा हिशेब चार गोष्टींत मांडला: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. वाळलेल्या डागावर ओलं फडकं थोडा वेळ ठेवून मग पुसलं की हातांचे कष्ट वाचतात, ते याच हिशेबाने. तापमान मात्र सांभाळून वाढवावं. अंडं किंवा दूध सांडलं असेल तर आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने त्यातली प्रथिनं गोठून घट्ट बसतात.

या सगळ्यात गुडघे कोणाचे झिजले, हे सांगायलाच हवं. गुडघ्यावर बसून फरशा घासणाऱ्या मोलकरणींच्या गुडघ्याच्या वाटीवर सूज येई, आणि इंग्रज डॉक्टरांनी त्या दुखण्याला मोलकरणींचंच नाव दिलं. अमेरिकेत थॉमस स्ट्युअर्ट यांनी १८९३ मध्ये पिळता येणाऱ्या मॉपचं पेटंट घेतलं. स्पेनमध्ये १९५० च्या दशकात मान्युएल हालोन यांनी बादलीसकट पिळायचा मॉप बाजारात आणला आणि उभ्याने पुसणं तिथे घरोघरी रुळलं. मला हा बदल कुठल्याही साबणाच्या शोधाहून मोठा वाटतो.

आजच्या पोर्सिलेन फरशीची पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या ०.५ टक्के आहे. तिच्यावर सांडलेलं काहीही वेळीच टिपलं तर डाग राहत नाही. राहतो तो फरशांच्या सांध्यांत, कारण तिथलं सिमेंटचं ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला लगदा, अजूनही पाणी पितं. त्याला सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा द्रव, लावता येतो, किंवा फरशी बसवतानाच सिमेंटऐवजी इपॉक्सी या राळेचं ग्राउट वापरता येतं. काळे पडलेले सांधे उजळायला ब्लीच वापरत असाल, तर त्याच जागी आम्लाचा क्लीनर ओतू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फार घातक ठरतो.