आरशावरचा तवंग

मासे-प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची तब्येत पाहायची तर मी आधी गुडघ्यावर बसतो. काचेतून तिरकं वर पाहिलं की पाण्याचा स्वच्छ पृष्ठभाग खालून आरशासारखा चमकतो. मासे आणि प्रवाळ त्यात उलटे उमटलेले दिसतात. कारण पुरेशा तिरक्या कोनात वर जाणारा प्रकाश हवेत निसटत नाही, तो सगळाच पाण्यात परततो. हा आरसा मळका दिसू लागला, त्यावर कण चिकटून राहिले, की समजावं तवंग धरलाय. पाणी तपासायचं कोणतंही किट हे सांगत नाही.

तवंगाचं सामान टाकीतच तयार होत असतं. खाद्यातलं तेल, माशांची विष्ठा, प्रवाळांचा चिकट स्राव, कुजणारं शेवाळ आणि आपल्या हातांचा तेलकटपणा. यातल्या बऱ्याच रेणूंची दोन टोकं दोन स्वभावांची असतात: एकाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला पाणी नकोसं. अशा रेणूला एक टोक पाण्यात आणि एक हवेत ठेवता येईल अशी जागा फक्त पृष्ठभागावर मिळते. तिथे पोचला की तो सहसा हलत नाही. मग त्या थरावर जीवाणू वाढतात. समुद्राच्या पृष्ठभागावरही असा थर असतो, पण तिथे वारा आणि लाटा त्याला मोडत राहतात.

हा थर किती पातळ असू शकतो, याचा अंदाज अठराव्या शतकातल्या एका तळ्यावरून येतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं. ते पसरत पसरत सुमारे अर्धा एकर पाणी काचेसारखं शांत झालं. ही हकीगत 1774 मध्ये छापून आली. चमचा 5 मिलिलिटरचा धरून भागाकार केला तर थराची जाडी येते साधारण अडीच नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम एका रेणूची उंची! टाकीचा पृष्ठभाग अर्ध्या एकरापुढे काहीच नाही. तिथे तेलाचा एक बारीक थेंबही पुरून उरतो.

या थरामुळे ऑक्सिजन आत शिरत नाही, तो झाकणासारखा बसतो, असं सर्रास सांगितलं जातं. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. एका रेणूच्या थरातून ऑक्सिजन बऱ्यापैकी सहज जातो. अडचण येते ती पाण्याच्या हालचालीत. ऑक्सिजनचे रेणू पाण्यात हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश पसरतात. त्यामुळे हवेला टेकलेलं पाणी सतत खाली जाऊन त्याच्या जागी नवं पाणी वर यावं लागतं. पृष्ठभागावर बारीक लहर उठली की तवंग कुठे ताणला जातो, कुठे दाटतो. विरळ जागी पृष्ठताण जास्त, दाट जागी कमी. या ओढाताणीत लहर विरते. फ्रँकलिनना तळं शांत झालेलं दिसलं ते यामुळेच. टाकीत खाली पंप जोरात पाणी फिरवत असला, तरी वरचा केसभर थर जागच्या जागी राहू शकतो.

खाऱ्या पाण्यात हे जास्त भोवतं. 25 अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम 6.8. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन मात्र सगळ्यांचं चालूच. कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे सांडवा. धरणासारखंच इथेही काठावरून वरचं पाणी सांडतं आणि खालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये उतरतं. सांडवा निवडताना लांबीकडे पाहावं, कारण तेवढंच पाणी जितक्या लांब काठावरून जाईल, तितका त्याचा थर पातळ. तासाला 3,000 लिटर पाणी 25 सेंटिमीटरच्या काठावरून गेलं तर काठापाशी पाण्याची पातळी अंदाजे 15 मिलिमीटर चढते. काठ 1 मीटरचा केला तर अवघी 6. म्हणजे तेवढ्याच पाण्यात तवंगाचा वाटा अधिक. मासे आत जाऊ नयेत म्हणून लावलेल्या कंगव्याचे दात ही लांबी खातात, आणि त्यांत शेवाळ अडकलं की आणखीच.

नुसता पंपाचा झोत वर वळवला तर हालचाल वाढते, तेवढा फायदा खराच. पण तवंग टाकीबाहेर जात नाही. फुटतो, पाण्यात मिसळतो, आणि पंप मंदावला की पुन्हा वर येतो. साधा, बिनवासाचा टिशूपेपर पृष्ठभागावर अलगद ठेवून उचलला तर तवंग निघतो, मात्र ती तात्पुरती सोय.

प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यात बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र, मला फार आवडतो, कारण तो तवंगाची खोडच कामाला लावतो. दुतोंडी रेणूंना पृष्ठभाग हवा असतो, तर तो त्यांना बुडबुड्यांच्या रूपाने देतो. एक लिटर हवा 1 मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली तर त्यांचं एकूण क्षेत्रफळ 6 चौरस मीटर भरतं, 1.2 मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद टाकीच्या पृष्ठभागाच्या दहापट. खाऱ्या पाण्यात मिठामुळे बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून हे यंत्र इथे चालतं. गोड्या पाण्यात ते जुळून मोठे होतात आणि फेस धरत नाही. सांड पडते तिथेच, सम्पच्या पहिल्या कप्प्यात स्किमर ठेवला की तवंगाने भरलेलं पाणी त्याला थेट मिळतं.

सम्प असेल तर बाष्पीभवनाची घट तिथेच दिसते, वरच्या टाकीची पातळी बदलत नाही. सम्प नसलेल्या टाकीत, टाकीच्या आत लावलेल्या सांडव्याचा काठ पाणी घटताच कोरडा पडतो आणि तवंग पुन्हा धरतो. म्हणून काचेवर काठाच्या उंचीशी बारीक खूण करून ठेवावी आणि पातळी त्याखाली जाण्याआधीच भर घालावी. ती गोड्या पाण्याची, कारण वाफ होऊन जातं ते पाणी. मीठ सगळं टाकीतच राहतं.