अनकॅनी व्हॅली

कृत्रिम चेहरा माणसाच्या जितका जवळ जातो तितका तो आपलासा वाटत जातो. पण हुबेहूब होण्याच्या जरा अलीकडे ही आपुलकी एकाएकी ओसरते आणि पाहणाऱ्याला कसेसेच होऊ लागते. आलेखावर या घसरणीचा जो खड्डा दिसतो त्याला ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात. संगणकावर घडवलेल्या माणसांबाबत ही संज्ञा आज सर्रास वापरली जात असली, तरी तिचा जन्म यंत्रमानवांच्या संदर्भात झाला.

टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली ‘एनर्जी’ या जपानी नियतकालिकात ‘बुकिमी नो तानी’ हा छोटासा लेख लिहिला. बुकिमी म्हणजे अंगावर शहारे आणणारे, तानी म्हणजे दरी. त्यांचे एक उदाहरण कृत्रिम हाताचे आहे. शिरा, नखे, बोटांचे ठसेसुद्धा असलेला हात खरा समजून हातात घ्यावा आणि तो गार, बिनहाडाचा लागावा! हालचाल आली की दरी आणखी खोल होते, असेही त्यांनी मांडले. प्रेत दरीत आहेच. चालते प्रेत तिच्या तळाशी. मात्र मोरींचा आलेख मोजमापातून आलेला नव्हता, तो अनुभवावर बेतलेला तर्क होता. पुढच्या प्रयोगांत ही दरी काहींना सापडली, काहींना नाही.

संगणकीय चित्रपटांत तिचा प्रत्यय लवकरच आला. पिक्सारच्या ‘टिन टॉय’ (१९८८) या लघुपटात पत्र्याचे खेळणे भाव खाऊन गेले. ज्याचे कौतुक वाटायला हवे ते माणसाचे बाळ मात्र भेसूर दिसले. ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ (२००१) मध्ये नायिकेच्या डोक्यावरचे सुमारे ६०,००० केस हलवण्यापर्यंत मजल गेली, तरी प्रेक्षक तिच्यात गुंतले नाहीत. नोव्हेंबर २००४ मध्ये तर दोन्ही वाटा एकाच महिन्यात पडद्यावर आल्या. ‘द पोलर एक्स्प्रेस’ने टॉम हँक्स यांच्या हालचाली टिपून जवळजवळ खरी माणसे उभी केली आणि त्यांच्या निर्जीव डोळ्यांवर टीका ओढवून घेतली. ‘द इन्क्रेडिबल्स’ने मोठी डोकी, काटकुळे पाय असलेली उघड व्यंगचित्रे पसंत केली, ती कोणालाच खुपली नाहीत. दरी ओलांडण्यापेक्षा अलीकडच्या शिखरावर थांबावे, हा मोरींचाच सल्ला होता.

बारकावे कमी पडले म्हणून चेहरा भीतिदायक होतो, असा समज आहे. खरे दुखणे बहुधा बारकाव्यांच्या बेबनावात असते. त्वचा एक सांगते, डोळे दुसरेच. त्वचेचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. प्रकाश कातडीवरून नुसता परतत नाही. तो आत शिरतो, विखुरतो आणि थोडा बाजूने बाहेर पडतो. दिव्यासमोर धरलेला कान लाल दिसतो तो त्यामुळेच. हे विखुरणे गणितात न धरल्यास चेहरा मेणाचा किंवा प्लॅस्टिकचा वाटतो. संगणकशास्त्रज्ञ हेन्रिक वान येन्सेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्यासाठी व्यवहार्य पद्धत मांडली आणि २००४ मध्ये ऑस्करच्या तांत्रिक पुरस्काराने त्यांची दखल घेतली गेली.

डोळ्यांनी जास्त छळले. नजर कधीच एका जागी ठरत नाही, ती बारीक झटक्यांनी सरकत असते. अभिनेत्याच्या चेहऱ्यावर चिकटवलेल्या ठिपक्यांवरून हालचाल टिपता येते, पण बुबुळावर ठिपका कुठे चिकटवणार? ‘बेओवुल्फ’साठी (२००७) डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड लावून बुबुळांची हालचाल नोंदवली गेली. हसण्याचेही तसेच. ओठ फाकले आणि डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला गेला नाही, तर ते हसू खोटे वाटते. ‘अवतार’मधल्या (२००९) नावी लोकांना येथे सवलत मिळाली, कारण निळ्या कातडीचा, मोठ्या डोळ्यांचा जीव खरा कसा दिसतो हे ताडून पाहायला कोणाकडे नमुनाच नाही.

ही अस्वस्थता येते कोठून, यावर एकमत नाही. रोगराई आणि प्रेत टाळण्याची उपजत प्रवृत्ती, असे काही जण म्हणतात. माणूस की वस्तू हे न ठरल्याने मेंदूचा उडणारा गोंधळ, असे इतर. प्रिन्स्टन विद्यापीठातील २००९ च्या प्रयोगात माकडांनी खऱ्या किंवा ढोबळ माकडचेहऱ्यांपेक्षा जवळजवळ खऱ्या वाटणाऱ्या संगणकीय चेहऱ्यांकडे कमी वेळ पाहिले. म्हणजे दोष केवळ सिनेमा पाहण्याच्या सवयीचा नसावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले चेहरे खऱ्यांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, उलट किंचित जास्त विश्वासार्ह वाटतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. अर्थात ती छायाचित्रे होती. ते चेहरे बोलत नव्हते, वळून पाहत नव्हते.