खुब्यातला गोळा आणि त्याची एकुलती रक्तवाट

खेळतं मूल एकाएकी लंगडू लागतं. कुठे दुखतं विचारलं तर गुडघ्यावर हात ठेवतं; खुब्याचं दुखणं लहान मुलांना पुष्कळदा गुडघ्यातच जाणवतं. सव्वाशे वर्षांपूर्वी असा खुबा तपासला की निदान बहुधा ठरलेलं असे: हाडाचा क्षय. मग दीर्घकाळ अंथरूण. पण यांतल्या काही मुलांना क्षय नसे; त्यांना असे तो आज 'पर्थेसचा आजार' म्हणून ओळखला जाणारा आजार.

१८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि खुबा आतून दिसू लागला. तरी स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९०९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं ते क्षय समजूनच. १९१० मध्ये अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्वे आणि जर्मनीत पर्थेस या तिघांनी, आपापल्या जागी, हा वेगळाच आजार असल्याचं दाखवलं. एक्स-रेत मांडीच्या हाडाचा गोळा आधी बारीक आणि पांढुरका दिसतो, मग त्याचे तुकडे पडल्यासारखे वाटतात आणि काही वर्षांत तो पुन्हा भरतो, कधी गोल, कधी चपटा. क्षयात असं होत नाही.

पण हा आजार नेमका बालवयातच का? याचं सर्वांत पटणारं उत्तर १९५७ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुएटा यांनी दिलं. यादवीमुळे स्पेन सोडलेले हे कातालान सर्जन. साधारण चार ते सात या वयात, त्यांना आढळलं, वाढीच्या कूर्चेमुळे, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या मऊ थरामुळे, खालून येणारं रक्त अडतं आणि गोळ्याला खुब्याच्या खोबणीशी बांधणाऱ्या अस्थिबंधातल्या वाहिन्या अजून कामाला लागलेल्या नसतात. उरतात त्या हाडाच्या मानेवरून, बाहेरच्या अंगाने चढणाऱ्या बारीक वाहिन्या. त्या बंद पडल्या की हाड मरतं. त्या बंद का पडतात, हे मात्र आजही ठरलेलं नाही.

मला अस्वस्थ करतो तो इतिहासाचा दुसरा धागा. जन्मतः निखळलेला खुबा बसवून मुलाचे पाय बेडकासारखे पूर्ण फाकवायचे आणि प्लास्टर घालायचं, ही व्हिएन्नाच्या लोरेन्झ यांची पद्धत अनेक दशकं चालली. त्या ताणात याच वाहिन्या दाबल्या जात आणि कित्येक गोळे मरत. उपचार न झालेल्या निखळलेल्या खुब्यात ही मर दिसत नाही. म्हणजे ती उपचारानेच आणलेली. कॅनडाच्या सॉल्टर यांनी १९६९ मध्ये ती ओळखण्याचे निकष मांडले. आता प्लास्टर घालताना खुबा नव्वद अंशांहून थोडा अधिक वाकवतात, पण पाय बेतानेच फाकवतात.